आधी पाणी, मग नाव

वाचकाचं पत्र, थोडक्यात: शहादा तालुक्यात तापीकाठी आमची केळी-पपईची शेती आहे. घरात मी, पत्नी, १२ आणि ९ वर्षांची दोन मुलं, आप्पा आणि आई. धाकटा भाऊ काही वर्षं परदेशात होता, तिथे वॉटर स्की (पायांना पट्ट्या लावून, बोटीमागे दोरी धरून पाण्यावर घसरायचा खेळ) शिकला. आता तो कायमचा घरी आलाय आणि मुलांनाही शिकवायचं म्हणतो. सारंगखेडा आणि प्रकाशा बॅरेजमुळे नदीत पाणी थांबतं, म्हणून जुनी बोट घ्यायचं चाललंय. पहिली बोट मुंबईकडच्या खाडीतली आहे: साडेअठरा फुटी बोराइडर (नाकाच्या भागातही बसायला जागा असलेली बोट), ३.० लिटर, १३५ अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन, मागे स्टर्नड्राइव्ह (इंजिन बोटीच्या आत, पंख्याचा भाग मागच्या फळीबाहेर), ११ वर्षं जुनी, 'फक्त १८० तास चाललेली', ट्रेलरसकट ११ लाख. दुसरी एका जलाशयावर पर्यटकांना फिरवणारी १६ फुटी फायबर बोट, ६० अश्वशक्तीचा टू-स्ट्रोक आउटबोर्ड (मागे बाहेर टांगलेलं इंजिन), साडेतीन लाख. तिसरी भावाच्या मनातली, व्ही-८ इंजिनची खरी स्की-बोट, मिळाली तर. भावाला ताकद हवी, मला आठ जण बसतील अशी हवी. आप्पा म्हणतात, 'पहिले पानी दखा, मंग नाव ल्या.' पहिलीचं टोकन द्यायची वेळ आली आहे. काय करावं?

दादा,

टोकन पंधरा दिवस थांबवा. बोट वाईट आहे म्हणून नव्हे. आप्पा जे बोलले ते या सगळ्या व्यवहारातलं सर्वांत तांत्रिक वाक्य आहे, म्हणून. बोटीचं इंजिन कुठे बसवलेलं हवं, पाण्यातला पंखा (प्रोपेलर) किती खोल चालावा, तळ सपाट असावा की टोकदार, हे सगळं पाणीच ठरवतं. तुमच्या पत्रात तिन्ही बोटींची अश्वशक्ती आहे. नदीची खोली कुठेच नाही.

स्कीसाठी सरळ रेषेत निदान ६०० ते ८०० मीटर मोकळं पाणी लागतं, दोन्ही टोकांना वळायला जागा लागते आणि खोली २ मीटर तरी हवी. बोटीला एवढी खोली लागत नाही, पडणाऱ्या माणसाला लागते. आकाराच्या दृष्टीने बॅरेजमागचं तापीचं पाणी चांगलं आहे. लांबट, आणि दोन्ही बाजूंचे उंच काठ वारा अडवतात. नवापूरकडचं उकाई धरणाचं रुंद पाणी दुपारनंतर वाऱ्याने खवळतं आणि शिकणाऱ्याचे गुडघे मोडतं. तसा त्रास तुम्हाला कमी होईल. पण तापीचा तळ दरवर्षी बदलतो. पुरात वाळू सरकते, वाळूउपशाचे खड्डे भरतात, नवे भोवरे तयार होतात, वाहून आलेली झाडं गाळात रुतून उभी राहतात. वर उपसा सिंचनाचे पाइप, पंपांच्या केबली, आणि मच्छीमारांची जाळी. स्कीवर ३० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मुलाला पाण्याखाली वीतभर असलेला खुंट दिसत नाही, बोट चालवणाऱ्यालाही दिसत नाही.

म्हणून पहिला खर्च बोटीचा नको. गावातल्या मच्छीमार दादांची नाव एका दिवसासाठी भाड्याने घ्या. दोरीला दोन किलोचं वजन बांधा, दर मीटरवर गाठ मारा आणि ठरवलेल्या पट्ट्यात दर २० मीटरला खोली मोजत जा. मोबाइलच्या जीपीएसवर प्रत्येक अडथळा टिपून ठेवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी उतरतं तेव्हा हे केलंत तर अर्धे खुंट डोळ्यांनीच दिसतील. आणि हे एकदा करून भागत नाही. दर पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरमध्ये, पुन्हा करायचं. ज्यांची नाव घ्याल त्यांनाच विचारा की जाळी कोणत्या वेळी, कुठून कुठे असतात. पाण्यावर मासेमारीचा ठेका असतो, त्यांचं पोट त्यावर आहे. त्यांच्याशी आधी बोलणं झालं तर पुढे तेच तुमचे पाण्यावरचे डोळे होतील. प्रकाशाच्या घाटापासून, जिथे माणसं स्नानाला उतरतात, तिथून पट्टा दूर हवा. मार्गशीर्षात सारंगखेड्याची दत्ताची यात्रा भरते तेव्हा तर बोट बाहेर काढूच नका.

परवानगीही याच टप्प्यावर मागायची. बॅरेजचं पाणी ज्यांच्या ताब्यात, त्या पाटबंधारे विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांकडे लेखी अर्ज करा: कोणता पट्टा, कोणते महिने, किती अश्वशक्तीचं इंजिन. दरवाजे कधी उघडतात, त्याची सूचना कुणाकडून मिळेल, हेही लिहून घ्या. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानुसार इंजिनच्या बोटीला नोंदणी, तपासणीचा दाखला आणि विमा लागतो. महाराष्ट्रात त्यासाठी मेरिटाइम बोर्डाकडे जावं लागतं. नकार आलाच तर तो ११ लाख देण्याआधी येऊ द्या.

आता दिवस मोजा. जून ते सप्टेंबर पूर, गढूळ पाणी, उघडे दरवाजे. ते चार महिने सोडून द्या. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मेमध्ये पाणी उतरलेलं आणि ऊन असं की सकाळी साडेनऊनंतर बोटीच्या सीटला हात लावता येत नाही. मुलांच्या शाळा, केळीची कापणी, लग्नसराई धरून वर्षाला ४० दिवस मिळाले तरी खूप. दिवसाला दोन तास इंजिन, तासाला सरासरी १८ लिटर पेट्रोल धरलं तर १,४४० लिटर, म्हणजे आजच्या भावाने दीड लाखाच्या आसपास. हे ९० अश्वशक्तीच्या इंजिनचं झालं, जे मी पुढे सुचवणार आहे. इंजिन पूर्ण ताकदीवर असताना प्रत्येक अश्वशक्तीमागे तासाला साधारण ०.३८ लिटर पेट्रोल जातं. ९० ला ३४ लिटर, १३५ ला ५१. स्कीमध्ये निम्मा वेळ हळू चालणं, वळणं, थांबणं असतं म्हणून सरासरी निम्म्यावर येते. हा आकडा घरात सगळ्यांसमोर एकदा मांडा.

तिसरी बोट पटकन बाजूला ठेवतो. खऱ्या स्की-बोटीत इंजिन मध्यभागी असतं, पंखा, शाफ्ट आणि सुकाणू बोटीच्या पोटाखाली कायमचे. वर उचलता येत नाहीत. लाटा सगळ्यांत छोट्या, ओढ सगळ्यांत सरळ, हे खरं. पण ती बोट तळ माहीत असलेल्या तलावासाठी आहे. तापीत वाळूच्या उंचवट्यावर एकदा घासली की शाफ्ट वाकतो, आणि तो इथे सरळ करून मिळत नाही. भावाची आवड खरी आहे. नदी वेगळी आहे.

पहिल्या बोटीवर जास्त बोलायला हवं, कारण तीच तुमच्या मनात बसली आहे. तिची ताकद कमी नाही. भरलेल्या बोटीचं एकूण वजन भागिले अश्वशक्ती, हे गणित करा. उत्तर १० ते १२ किलो आलं तर स्की ओढायला ठीक, १५ च्या वर गेलं तर बोट बसून राहते. या बोटीचं वजन १,०५० किलोच्या आसपास धरा, चार माणसं २६०, पेट्रोल आणि सामान १००. एकूण १,४१०, म्हणजे साडेदहा. ठीक. काळजी मिठाची आहे. अशा छोट्या इंजिनात बहुतेक वेळा बाहेरचंच पाणी थेट इंजिनातून फिरवून थंडावा दिला जातो. खाडीत ते पाणी खारं. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि त्याच्या वरचा वळलेला भाग, ज्याला रायझर म्हणतात, हे बिडाचे असतात आणि खाऱ्या पाण्यात साधारण ५ ते ७ वर्षांत आतून खाल्ले जातात. बाहेरून रंग चकचकीत राहतो. आतली भिंत फुटली की पाणी एक्झॉस्टमधून उलटं सिलिंडरमध्ये जातं आणि इंजिन संपतं. ११ वर्षांत हे बदलल्याचं बिल नसेल, तर ते बदलायचे आहेत असंच धरून किंमत बोला. रायझर काढून आत बघू द्यायला विकणारा तयार नसेल, तर तेवढ्यावर व्यवहार थांबवा.

'फक्त १८० तास' ही गोष्ट तुम्हाला दिलासा देते. मला उलट वाटतं. ११ वर्षांत १८० तास म्हणजे वर्षाला १६ तास, म्हणजे बोट जवळजवळ सगळा काळ उभी. बोटीचं इंजिन चालण्याने कमी आणि उभं राहण्याने जास्त मरतं. पाण्याच्या पंपातल्या रबरी इम्पेलरच्या पाकळ्या एका बाजूला वाकून तशाच राहतात. पेट्रोल टाकीत आटून डिंकासारखं होतं. सील कडक होतात, वायरच्या टोकांना हिरवा गंज चढतो. आणि स्टर्नड्राइव्हमध्ये एक भाग असा आहे की त्यावर बोटीचं तरंगणं अवलंबून: बेलोज. बोटीच्या मागच्या फळीला पाण्याच्या पातळीखाली मोठं भोक असतं, त्यातून शाफ्ट बाहेर जातो आणि त्याभोवती हार्मोनियमच्या भात्यासारखं रबर असतं. ते फाटलं तर बोट उभ्या-उभ्या बुडते. ड्राइव्ह पूर्ण वर उचलून, पूर्ण डावी-उजवीकडे वळवून, प्रत्येक चुणीत बॅटरीचा उजेड टाकून बघा. केसाएवढी चीर दिसली तरी बदलायचं. त्या वेळी शाफ्टचं गिंबल बेअरिंगही बदलून घ्यावं. ते गेलेलं असेल तर वळवताना घरघर येते. ५०० तास चाललेलं, दरवर्षीच्या सर्व्हिसची बिलं असलेलं इंजिन मी १८० तासांच्या बंद इंजिनाआधी घेईन.

त्यात आपल्या भागाची आणखी एक अडचण आहे. शहादा-दोंडाईच्याचे मेकॅनिक हाताने हुशार आहेत, ट्रॅक्टरचं इंजिन डोळे मिटून बांधतात. स्टार्टर गेला तर ते गाडीचा बसवून देतील, आणि तो बसेलही. इथेच जिवाचा धोका आहे. बंद पेटीतल्या पेट्रोल इंजिनाखाली पेट्रोलची वाफ साचते, ती हवेपेक्षा जड असते, खालीच राहते. बोटीसाठी बनवलेले स्टार्टर, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर हे ठिणगी बाहेर पडू नये असे बंदिस्त असतात; गाडीचे नसतात. म्हणूनच अशा बोटीत इंजिन चालू करण्याआधी ब्लोअर पंखा ४ मिनिटं चालवायचा, झाकण उघडून वास घ्यायचा, मगच चावी. जुन्या बोटीत गाडीचे भाग आधीच बसवलेले आहेत का, हेही तपासा.

दुसरी बोट स्वस्त आहे, साधी आहे. इंजिन मागे टांगलेलं, बटणाने किंवा हाताने वर उचलता येतं, बिघडलं तर सोडवून टेम्पोत टाकून नाशिक-मुंबईला नेता येतं, पाण्याखाली भोक नाही. ६० अश्वशक्तीत चालवणारा आणि एक लक्ष ठेवणारा एवढेच बसले तर मुलं सहज उठतील, एक मोठा माणूस दोन स्कींवर उठेल. पण एका स्कीवर खोल पाण्यातून उठायचं भावाच्या मनात असेल तर हे इंजिन दमेल. टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, बहुतेक ५० ला १, म्हणजे १० लिटरला २०० मिलिलिटर. पर्यटकांच्या बोटी दिवसभर हळू चालतात, काजळी धरते, आणि ऑइलचं माप घाईत चुकतं. त्यामुळे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघितल्याशिवाय ती घेऊ नका. शिवाय पर्यटकांसाठी बांधलेल्या काही बोटींचा तळ मुळात वेगाने वर येऊन घसरण्यासाठी नसतोच. कितीही ताकद लावा, त्या नाक वर करून पाणी ढकलत राहतात. चाचणीत हे दोन मिनिटांत कळतं.

तुमच्या नदीसाठी, तुमच्या माणसांसाठी शोधायला हवी ती बोट या तिघींमधली नाही. १६ ते साडेसतरा फुटांचं फायबरचं अंग, तळ मध्यम कोनाचा, मागे ९० ते ११५ अश्वशक्तीचा फोर-स्ट्रोक आउटबोर्ड. पेट्रोल कमी, आवाज कमी, उथळात इंजिन उचलता येतं, खाऱ्या पाण्यातून आली असली तरी आतून धुणं सोपं. आठ जण बसणार नाहीत, पाच-सहा बसतील. आणि इथे तुमच्या मागणीबद्दल एक विचारतो: आठ जण कधी बसणार आहेत? स्की ओढताना बोटीत तिघंच हवेत, चालवणारा, मागे बघणारा आणि फार तर पुढची पाळी असलेला. प्रत्येक जास्तीचा माणूस उठायला वेळ वाढवतो आणि मागची लाट मोठी करतो. संध्याकाळी सगळ्यांना फिरवायचं असेल तर दोन फेऱ्या करा. वर्षातल्या चार संध्याकाळींसाठी उरलेले ३६ दिवस जड बोट ओढू नका.

बोट बघायला जाल तेव्हा विकणाऱ्याला फोनवर सांगा की इंजिन थंड हवं. तुम्ही पोहोचण्याआधी गरम करून ठेवलेलं इंजिन सुरू होण्याची अडचण लपवतं. पोहोचल्यावर आधी हात इंजिनावर ठेवून बघा.

मग मागची फळी, ट्रान्सम. बाहेरून फायबर असलं तरी जुन्या बोटींत आत प्लायवूड असतं. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे ठोका: कोरडं लाकूड टणक वाजतं, कुजलेलं बद्द. आउटबोर्डचा खालचा भाग धरून वर-खाली हलवा. फळी लवली किंवा बोल्टभोवती केसासारख्या चिरा उघडल्या तर आत पाणी गेलंय. जमिनीवर टाचा दाबत चाला. मऊ लागलं तर खालचे आडवे-उभे दांडे कुजलेत. ही दुरुस्ती इंजिनच्या दुरुस्तीपेक्षा महाग पडते, कारण सगळी बोट उघडावी लागते. जेलकोट, म्हणजे फायबरवरचा चकचकीत थर, उन्हाने पांढरा पडलाय, सीट फाटल्यात, याची काळजी करू नका. ते पैसे कमी करायला उपयोगी. बोट मुळात थंड देशातून आणलेली असेल तर इंजिन ब्लॉकवर बर्फाने फुटल्याची चीर किंवा वेल्डिंग आहे का बघा. आपल्याकडे पाणी गोठत नाही म्हणून मेकॅनिकच्या हे लक्षातच येत नाही.

गिअरच्या भागाखाली ऑइलचा स्क्रू असतो. तो थोडा सैल करून चमचाभर ऑइल काढा. दुधाळ असेल तर सीलमधून पाणी जातंय. स्क्रूच्या टोकावरच्या चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटला तर गिअर झिजलेत. नंतर कॉम्प्रेशन: सगळे स्पार्क प्लग काढा, सुरक्षेची दोरी (जी सुटली की इंजिन थांबतं) काढून इग्निशन बंद ठेवा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि प्रत्येक सिलिंडर मोजा. किती आकडा येतो त्यापेक्षा सगळे सारखे येतात का हे महत्त्वाचं. १५०, १४८, १५२ आणि चौथा १२० आला तर तिथेच थांबा. १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. जमिनीवर इंजिन कोरडं कधीच चालू करू देऊ नका. पाण्याच्या पाइपला लावायचे रबरी कप मिळतात, ते पाणी शोषणाऱ्या जाळीवर बसवूनच चालू करायचं. नाहीतर इम्पेलर काही सेकंदांत जळतो. आउटबोर्डच्या मागून पाण्याची बारीक, सलग धार येत राहायला हवी.

आणि पाण्यातली चाचणी झाल्याशिवाय पैसे नाहीत. चार माणसं बसवा, तेवढं वजन धरून थांबलेल्या बोटीला पूर्ण थ्रॉटल द्या. चार-सहा सेकंदांत नाक खाली येऊन बोट पाण्यावर घसरायला लागली पाहिजे. पूर्ण थ्रॉटलला इंजिनचे फेरे उत्पादकाने दिलेल्या हद्दीत, वरच्या टोकाजवळ, हवेत. त्या ३.० लिटर इंजिनला ही हद्द मिनिटाला साधारण ४,४०० ते ४,८०० आहे. फेरे कमी भरत असतील तर बऱ्याचदा दोष इंजिनचा नसतो, पंखा जास्त पिचचा असतो (पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा जेवढं पुढे सरकेल ते अंतर). एक इंच पिच कमी केला की फेरे १५० ते २०० वाढतात, टोकाचा वेग थोडा जातो, पण माणूस झटकन उठतो. स्कीला तेच हवं. फेरे वाढतात पण वेग वाढत नाही असं दिसलं तर पंख्याच्या आतलं रबर सुटलंय. पंखा आपल्याकडे ॲल्युमिनियमचाच ठेवा. दगडाला लागला तर तो वाकतो आणि गिअर वाचतात. स्टीलचा पंखा धक्का आत पाठवतो. एक जादाचा पंखा, खिळ आणि नट बोटीत असू द्या.

चाचणीत एक गोष्ट बहुतेक लोक बघत नाहीत: बोट हळू चालते का? तुमच्या ९ वर्षांच्या मुलाला ताशी २० ते २५ किलोमीटर पुरे. १२ वर्षांच्याला जरा जास्त. मोठ्या नवख्याला ३० ते ३५, एका स्कीवर ४५ ते ५०. स्पर्धेत पुरुषांची कमाल मर्यादाच ५८ आहे. काही जड बोटी २५ ला घसरणीवरून खाली बसतात आणि मागे मोठी लाट उठवतात, तिथे मूल उठूच शकत नाही. २२, २५, ३० या वेगांवर मिनिट-मिनिट स्थिर धरून बघा. वेग मोबाइलच्या जीपीएसवर मोजा. बोटीच्या वेगमापकाची नळी गाळाने तुंबते आणि तो खोटं सांगतो.

ओढण्याची कडी नीट बघा. मागच्या फळीतून आरपार बोल्ट, आतून धातूची पट्टी, अशीच कडी चालेल. दोरी बांधायच्या साध्या खुंटीला, सीटच्या पाइपला, रेलिंगला कधीच नाही. ती उपटली तर दोरी बोटीतल्या माणसावर परत येते. आउटबोर्डला दोन्ही कोपऱ्यांतल्या कड्यांना जोडणारी, मधे पुली असलेली व्ही आकाराची दोरी लावतात, म्हणजे मुख्य दोरी इंजिनात अडकत नाही. मुख्य दोरी हँडलसकट २३ मीटर. मागे बघायचा रुंद आरसा लागतो, पण आरसा माणसाची जागा घेत नाही; मागे तोंड करून बसलेला माणूस हवाच. मागे शिडी हवी, आणि ती वापरताना इंजिन बंद. न्यूट्रल नाही, बंद. चालवणाऱ्याच्या मनगटाला सुरक्षेची दोरी, जी सुटली की इंजिन थांबतं. इंजिन चालू असताना मुलांना मागच्या फळीवर बसू देऊ नका. तिथे कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो.

भावाला स्की येते, पण ओढणारी बोट चालवता येते का, हे पत्रात नाही. या दोन वेगळ्या विद्या आहेत आणि घरात दोघांना तरी दुसरी हवी, नाहीतर भाऊ कायम सुकाणूवर आणि मुलं शिकवणाऱ्याविना. गोव्यातल्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत पॉवरबोट चालवण्याचे आणि जीवरक्षकाचे अभ्यासक्रम आहेत. बोटीच्या किमतीतून हे पैसे आधी बाजूला काढा. तुम्ही आणि वहिनी दोघंही पोहायला शिका. लाइफ जॅकेट सगळ्यांना, पोहता येणाऱ्यालाही.

बोट आणतानाचं एक. कसारा घाट चढून, धुळ्यावरून शहाद्यापर्यंत, असा लांबचा रस्ता आहे. ट्रेलरची आरटीओ नोंद, ब्रेक, टायरच्या बाजूच्या भेगा आणि चाकांची बेअरिंग बघा. खाडीत बुडवलेल्या ट्रेलरची बेअरिंग गंजलेली असण्याचीच शक्यता जास्त. निघण्याआधी सगळी काढून नवी टाका, किंवा बोट सरळ ट्रकवर आणा. पुढे नदीवर उतरवतानाही गरम चाकं लगेच पाण्यात घालू नका. तापलेलं हब थंड पाण्यात गेलं की आत हवा आकसते आणि ते पाणी ओढून घेतं. अर्धा तास थांबा. काठाला काळी माती असेल तर तिथे दीड टन रुतेल; जुन्या उताऱ्याची मुरमाड, टणक जागा शोधून ठेवा, आणि पाणी उतरतं तसतशी ती जागा सरकते हेही धरा.

पेट्रोलबद्दल. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि बहुतेक जुनी बोट-इंजिनं १० टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणासाठी बनलेली आहेत. इथेनॉल जुनी रबरी नळी मऊ करतं, हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी जास्त झालं की ते मिश्रण वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, नेमकं जिथून इंजिन पेट्रोल घेतं. घेतल्या-घेतल्या सगळ्या इंधननळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घाला, १० मायक्रॉनचा पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा, आणि लागेल तेवढंच पेट्रोल त्या आठवड्यात आणा. किमतीच्या २० टक्के रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीला राखून ठेवा. बजेट ११ लाख असेल तर बोट ९ लाखांची शोधा.

प्रत्येक फेरीनंतर इंजिन स्वच्छ पाण्याने १० मिनिटं धुवा. तापीचा बारीक गाळ पंपाची भिंत खरवडतो, त्यामुळे इम्पेलर दोन वर्षांची वाट न बघता दर ऑक्टोबरला बदला. जूनच्या पहिल्या आठवड्यात बोट वर काढा, टाकी रिकामी करा, गिअरचं ऑइल बदला, बॅटरी घरात आणा. केळीच्या शेडखाली, नाक वर करून, टायरखाली लाकडी ठोकळे देऊन ठेवा. आउटबोर्ड उभाच ठेवा, म्हणजे आतलं पाणी निथळतं. मागच्या फळीतलं पाणी जाण्याचं बूच काढून ठेवा आणि ते इंजिनच्या चावीला साखळीने बांधा. ऑक्टोबरमध्ये चावी हातात घ्याल तेव्हा आधी बूच हातात येईल.